मनाचा फीडबॅक लूप आणि गोव्यातले दोन प्रयोग

कंट्रोल सिस्टीम्सच्या तासाला पॉझिटिव्ह फीडबॅक आपण सगळ्यांनीच घोकला आहे. आउटपुट परत इनपुटला येऊन मिळतं, वाढतं, पुन्हा मिळतं आणि शेवटी सिस्टीम हाताबाहेर जाते. नैराश्य, म्हणजे डिप्रेशन, बऱ्याच अंशी असंच चालतं. मन उदास झालं की माणूस रोजच्या गोष्टी सोडतो. आज फिरायला नको, उद्या मेसला नको, परवा कोणाशी बोलायलाच नको. मग त्या गोष्टींतून मिळणारं समाधानही बंद, आणि उदासी आणखी वाढते. लूप पूर्ण!

हा लूप तोडायचा कुठे? "जरा आनंदी राहा" असं सांगून कोणी आनंदी होत नसतं. पण कृती थोडीफार आपल्या हातात असते. मूड सुधारायची वाट न बघता छोट्या छोट्या गोष्टी ठरवून करायच्या आणि नंतर कसं वाटलं ते टिपून ठेवायचं. या उपचाराला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात.

पण उपचार करणार कोण? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार असल्याचं दिसलं. त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळतच नव्हते. एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून?

गोव्यातल्या 'संगत' या संस्थेने यावर एक प्रयोग केला. मानसोपचाराचं पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक बनवलं. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला केंद्रातले नेहमीचे उपचार, दुसऱ्याला ते उपचार अधिक समुपदेशकाबरोबर सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी दुसऱ्या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, पहिल्यातले ३९ टक्के. वर्षभरानंतर हे आकडे ६३ आणि ४८ होते. म्हणजे फरक कमी झाला, पण टिकला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पहिला गट नसता तर ६४ टक्क्यांचं सगळं श्रेय आपण बैठकांना देऊन मोकळे झालो असतो! लॅबमध्ये कंट्रोल रीडिंग का घ्यायचं, याचं याहून चांगलं उत्तर व्हायवातही सुचणार नाही.

आता म्हाताऱ्या माणसांकडे वळू. आजोबा गप्प गप्प असतात, आजीला झोप लागत नाही. आपण म्हणतो, "वय झालं, असं व्हायचंच." हाच खरा घोळ आहे. वय होणं हा आजार नाही, पण नैराश्य आहे. गोव्यातल्याच दुसऱ्या प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, साठीपुढच्या १८१ लोकांना घेतलं होतं. त्यांना नैराश्याची सौम्य लक्षणं होती, पूर्ण आजार नव्हता. समुपदेशकांनी त्यांना अडचणी एकेक करून सोडवायला शिकवलं, झोप सुधारायला आणि मधुमेहासारखे आजार सांभाळायला मदत केली, सरकारी योजनांपर्यंत पोचवलं. वर्षभरात या गटातल्या ९१ पैकी ४ जणांना नैराश्याचा आजार झाला, तर दुसऱ्या गटातल्या ९० पैकी १३ जणांना. आकडे लहान आहेत, तेव्हा लगेच नियम ठोकून देऊ नये. पण आजार होण्याआधीच थांबवता येतो, ही आशा त्यातून नक्की मिळते.

झोपेच्या अशा उपचाराचे चार नियम तर होस्टेलच्या दारावर चिकटवावेत असे आहेत:

१. गादीवर उगाच लोळत पडायचा वेळ कमी करा.
२. रोज ठरलेल्या वेळी उठा, रात्री झोप कशीही लागो.
३. झोप आल्याशिवाय आडवे होऊ नका.
४. झोप लागत नसेल तर उठून बसा.

सबमिशनच्या आठवड्यात हे कोण पाळणार म्हणा! पण निदान बाकीचे दिवस तरी?

मित्रांनो, याचा अर्थ आपण सगळे समुपदेशक झालो असा नाही. त्या लोकांना प्रशिक्षण होतं आणि त्यांच्या कामावर देखरेखही होती. रूममेट दोन आठवडे खोलीबाहेर पडत नसेल तर त्याच्याशी बोला, त्याला जेवायला सोबत न्या, आणि डॉक्टरकडेही न्या. जीव देण्याची भाषा कोणी केली तर ती थट्टा समजू नका. त्याला एकटं सोडू नका, रेक्टर सरांना लगेच सांगा. 'टेलिमानस' ही सरकारी मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या नंबरवर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि या रविवारी घरी फोन केलात की आईबाबांनंतर फोन आजीकडेही द्यायला सांगा. "जेवलीस का?" याच्यापुढे एक प्रश्न जास्त विचारा: "दिवसभर काय काय केलंस?"