नळीतोंड्या माशांचे कूळ कसे ओळखावे?

टोमॅटो, वांगी, मिरची व बटाटा ही पिके दिसायला वेगळी असली तरी एकाच कुळातील आहेत, हे नाशिकच्या भाजीपाला उत्पादकांना सांगावयास नको. मर रोग आलेल्या जमिनीत टोमॅटोनंतर वांगी घेऊ नयेत, ही शिफारस त्यावरूनच केली जाते. वनस्पतीचे कूळ ठरविताना पानापेक्षा फूल पाहतात. माशांतही अशा खुणा असतात.

समुद्रघोडा उभा पोहतो, मान वाकवतो आणि शेपटीने पाणगवताला वेटोळे घालतो. नळीमासा सुतळीच्या तुकड्यासारखा सरळ. तरीही लिनियस या शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये दोघांना एकाच प्रजातीत बसविले. समुद्रघोड्याची प्रजाती १८१० मध्ये वेगळी झाली, कूळ मात्र आजही एकच आहे. कारण दोघांच्या जबड्यांची जुळून नळी झालेली असते. दात नाहीत, जठर नाही. अंगावर खवल्यांऐवजी हाडांची कडी असतात आणि अंडी नर सांभाळतो. समुद्रघोड्याच्या नराला तर त्यासाठी पिशवीच असते. या कुळात सुमारे ३०० जाती असून बहुतेक उथळ समुद्रात, तर काही खाडीत व गोड्या पाण्यातही राहतात.

केवळ लांब तोंडावर जाऊ नये. अरबी समुद्रात तुतारीसारख्या तोंडाचा एक लांबलचक मासा मिळतो. तो याच गणातला, परंतु त्याच्या अंगावर कडी नसतात व नर अंडी वाहत नाही, म्हणून कूळ निराळे. आपल्या गोदावरीतील चोचीचा मासा तर गणानेही परका. त्याचे दातेरी जबडे चिमट्यासारखे उघडतात.

हा फरक कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्ट १ मध्ये २००१ साली एकटा समुद्रघोडा नव्हे, तर त्याचे संपूर्ण कूळ घेण्यात आले. त्यामुळे कोणाच्या लक्षातही न येणारा नळीमासा पकडणे वा विकणे हाही गुन्हा ठरतो. ट्रॉलरच्या जाळ्यात हे मासे इतर बारीक मासळीबरोबर येतात व तिच्याबरोबरच वाळविले जातात. कोंबडी खाद्यासाठी अशी सुकी मासळी घेणाऱ्या बंधूंनी पोते उघडून पाहावे. वाळल्यावर रंग जातो, पण अंगावरची कडी आणि तोंडाची नळी तशीच राहते. असा माल घेऊ नये व वन खात्यास कळवावे.