धाकाचा हिशेब : कामाच्या ठिकाणचा एक चिवट गैरसमज

साहेबाचा धाक असल्याशिवाय माणसे काम करत नाहीत, हा कामाच्या ठिकाणच्या नेतृत्वाविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज आहे. तो कारखान्याच्या शॉपफ्लोअरवर ऐकू येतो, सरकारी कचेरीत ऐकू येतो, बँकेच्या शाखेत आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या मीटिंगमध्येही ऐकू येतो. नव्याने सुपरवायझर झालेल्याला पहिला सल्ला मिळतो तो हाच : सुरुवातीलाच जरब बसव, मऊ लागले की लोक कोपराने खणतात. करुणा, आत्मभान असे शब्द कोणी उच्चारले तर ‘हे कीर्तनात ठीक आहे, इथे टार्गेट गाठायचे असते’ असे सांगून विषय संपवला जातो. धाकाने काम वाढते हे जणू सिद्धच झाले आहे, असे या उत्तरात गृहीत धरलेले असते. ते सिद्ध झालेले नाही. जेथे जेथे नीट तपासणी झाली, तेथे चित्र बहुतेक उलटेच निघाले.

आधी शब्दांचा अर्थ. कामाच्या संदर्भात करुणा म्हणजे समोरच्याची अडचण लक्षात घेणे आणि ती दूर व्हावी म्हणून आपल्या हातात असलेले काही करणे. चुकांकडे काणाडोळा करणे, न झालेले काम झाले म्हणणे, रजा मागेल त्याला रजा देणे यांचा तिच्याशी संबंध नाही. आत्मभान म्हणजे आपला राग, घाई, आवड-नावड ओळखता येणे, आणि आपण खोलीत शिरल्यावर इतरांवर काय परिणाम होतो हे माहीत असणे. यातला दुसरा भाग अवघड आहे.

धाकावरचा विश्वास टिकतो, कारण प्रत्येक कडक साहेबाकडे स्वतःच्या अनुभवाचा पुरावा असतो. ‘झापले की दुसऱ्या दिवशी काम सुधारते, शाबासकी दिली की घसरते, हे डोळ्यांनी पाहिले आहे.’ पाहिलेले खरेच असते. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकतो, आणि तो कसा चुकतो हे मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान यांनी अर्ध्या शतकापूर्वीच दाखवून दिले आहे. इस्रायलच्या हवाई दलातील प्रशिक्षकांना ते शिकवत होते, की शिक्षेपेक्षा कौतुकाने माणूस लवकर शिकतो. एका अनुभवी प्रशिक्षकाने हरकत घेतली. उत्तम कसरत करणाऱ्या शिकाऊ वैमानिकाचे कौतुक केले की त्याची पुढची कसरत बिघडते आणि वाईट कसरतीबद्दल ओरडले की पुढची सुधारते, असे त्याचे म्हणणे होते. कानेमान यांनी जमिनीवर एक खूण केली आणि सर्वांना तिच्याकडे पाठ करून दोनदा नाणे फेकायला लावले. ज्यांचे पहिले नाणे खुणेच्या अगदी जवळ पडले, त्यांतील बहुतेकांचे दुसरे लांब गेले. ज्यांचे पहिले लांब गेले, त्यांचे दुसरे जवळ आले. येथे कोणी कोणाला शाबासकी दिली नव्हती की कोणावर ओरडले नव्हते.

याला सरासरीकडे परतणे म्हणतात. समजा, एका ऑपरेटरच्या हातून शिफ्टमध्ये साधारण 20 नग रिजेक्ट होतात. एखाद्या दिवशी माल खराब आला, वीज दोनदा गेली, रात्री झोप झाली नव्हती, आणि आकडा 32 वर गेला. सुपरवायझरने चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली. दुसऱ्या दिवशी आकडा 21 आला. तो एरवीही 20 च्या आसपासच आला असता, कारण तिन्ही अडचणी पुन्हा एकाच दिवशी येण्याची शक्यता कमीच. पण सुपरवायझरच्या हिशेबात श्रेय खरडपट्टीला जाते. आता याच ऑपरेटरचा एखादा दिवस फार चांगला गेला, आकडा 11 आला आणि शाबासकी मिळाली. पुढच्या दिवशी तो 19 वर आला, की ‘कौतुक केले की डोक्यावर बसतात’ हा निष्कर्ष तयार. वर्षानुवर्षे असेच चालले तर रागावणाऱ्याला रोज बक्षीस मिळाल्यासारखे वाटते आणि कौतुक करणाऱ्याला रोज शिक्षा. वीस वर्षांचा अनुभव या चुकीपासून वाचवत नाही, उलट तिला बळकट करतो. हे एवढे सोपे गणित ठाऊक असूनही व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात ते क्वचितच सांगितले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

धाकाने एक गोष्ट मात्र नक्की घडते : माणसे गप्प होतात. अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांना नव्वदच्या दशकात हे अनपेक्षितपणे सापडले. दोन रुग्णालयांतील आठ विभागांत औषधे देताना होणाऱ्या चुका त्या मोजत होत्या. ज्या विभागात परिचारिका आणि डॉक्टर यांचे चांगले जमते तेथे चुका कमी असतील, अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या विभागांत चुकांची नोंद जास्त होती. अधिक तपास केल्यावर कारण कळले : त्या विभागांत चूक झाली तर ती मोकळेपणाने सांगितली जात होती, तर प्रमुख परिचारिकेचा वचक असलेल्या विभागांत ती झाकली जात होती. हा अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर 1999 मध्ये एका उत्पादक कंपनीतील 51 गटांच्या अभ्यासातून एडमंडसन यांनी मानसिक सुरक्षिततेची कल्पना मांडली. चूक कबूल केली, शंका विचारली, साहेबाच्या मताविरुद्ध बोलले तरी अपमान होणार नाही, असा गटातल्या माणसांना वाटणारा भरवसा म्हणजे मानसिक सुरक्षितता. असा भरवसा असलेले गट अधिक शिकत होते आणि त्यांचे कामही सरस होते. पुढे गूगलने आपल्या सुमारे 180 गटांची पाहणी केली, तेव्हाही सर्वांत महत्त्वाचा घटक हाच निघाला.

कागदावर शून्य चुका दाखवणारा कडक साहेबाचा विभाग म्हणूनच आदर्श मानता येत नाही. तेथे चुका होत नाहीत की फक्त कळत नाहीत, हे त्या कागदावरून कोणालाच सांगता येणार नाही.

गप्प राहण्याची किंमत किती मोठी असू शकते हे विमान वाहतुकीने जगाला दाखवले. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर होऊन 583 माणसे मेली. केएलएमच्या विमानाने परवानगी नसताना उड्डाणासाठी धाव घेतली, तेव्हा पॅन ॲमचे विमान अजून त्याच धावपट्टीवर होते. ते बाजूला झाले नाही का, अशी शंका केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ठामपणे उत्तर दिले आणि विषय तेथेच थांबला. कॅप्टन कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक वैमानिक होता. कॉकपिटमध्ये कोणी कोणावर ओरडले नव्हते, कोणी धमकी दिली नव्हती. दुसऱ्यांदा तीच शंका काढण्याचे धैर्य खच्ची करायला त्याची ज्येष्ठता पुरेशी ठरली. हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण ‘आमच्याकडे कोणी कोणाला घाबरत नाही, वातावरण खेळीमेळीचे आहे’ असे सांगणाऱ्या पुष्कळ कार्यालयांतही परिस्थिती हीच असते. अशा अपघातांच्या अभ्यासातून 1979 मध्ये नासाने एक कार्यशाळा भरवली आणि 1981 पासून युनायटेड एअरलाइन्सने कर्मचाऱ्यांसाठी वेगळे प्रशिक्षण सुरू केले. कनिष्ठाने शंका कशी मांडावी आणि कॅप्टनने ती कशी ऐकून घ्यावी, हे तेथे सरावाने शिकवले जाते. आज भारतासह जगभरच्या विमान कंपन्यांतील वैमानिकांना हे प्रशिक्षण सक्तीचे आहे. माणसांशी नीट वागणे हा सुरक्षिततेचा नियम आहे, हे या व्यवसायाने रक्त सांडल्यावर मान्य केले.

‘थोडे टोचून बोलले तर काय बिघडते?’ या प्रश्नालाही प्रयोगाचे उत्तर आहे. इस्रायलमध्ये नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागांतील 24 चमूंना एका आजारी बाळावरच्या उपचारांचा सराव करायला सांगितले. त्यांतील काही चमूंसमोर एका पाहुण्या तज्ज्ञाने त्यांच्या कामाशी संबंध नसलेले, किंचित अपमानकारक शेरे मारले. त्या चमूंचे निदान आणि प्रत्यक्ष उपचार दोन्ही इतरांपेक्षा निकृष्ट ठरले. हा अभ्यास 2015 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला. अपमान झालेला माणूस अंग झाडून काम करील अशी ज्याची समजूत आहे, त्याने हा निष्कर्ष दोनदा वाचावा.

धाकाने काहीच साधत नाही, असे म्हणणेही चुकीचे होईल. काम साधे, एकसुरी आणि नजरेसमोरचे असेल, तर नजर असेपर्यंत ते वेगाने होते. पण काम नजरेआड गेले आणि आकड्यावर सोपवले, की धाक आकडा पैदा करतो, काम नव्हे. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेत प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात आठ सेवा बांधण्याचे दडपण कर्मचाऱ्यांवर होते. त्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली. 2016 मध्ये प्रकरण बाहेर आले, तेव्हा बँकेला 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे 5,300 कर्मचाऱ्यांना कामावरून काढल्याचे उघड झाले. आकडे वाढले होते, कागदोपत्री. गुणवत्तेचे आचार्य मानले जाणारे डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी व्यवस्थापनासाठी सांगितलेल्या 14 सूत्रांत ‘भीती हाकलून द्या’ हे एक स्वतंत्र सूत्र ठेवले होते. डेमिंग हे संख्याशास्त्रज्ञ होते, भाबडे खचितच नव्हते.

मग करुणेने शिस्त ढिली होते का? एडमंडसन यांच्या मांडणीत मानसिक सुरक्षितता आणि कामाचा दर्जा ही दोन वेगळी मापे आहेत. एक वाढले की दुसरे घटते असे त्यांच्यात नाते नाही. याचे भारतीय उदाहरण सर्वांना माहीत आहे, पण ते अर्धेच सांगितले जाते. 10 ऑगस्ट 1979 रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेले एसएलव्ही-3 हे रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळले. प्रकल्पाचे प्रमुख ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. पत्रकारांना सामोरे गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. 18 जुलै 1980 रोजी त्याच प्रकारचे दुसरे रॉकेट रोहिणी उपग्रह घेऊन यशस्वीपणे गेले, तेव्हा धवन यांनी पत्रकारांपुढे कलामांना उभे केले. ही गोष्ट कलाम स्वतः पुष्कळदा सांगत. न सांगितला जाणारा अर्धा भाग असा : त्या दोन तारखांच्या मधल्या अकरा महिन्यांत अपयशाची कसून चिकित्सा झाली, दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील बिघाड शोधला गेला आणि दुरुस्त केला गेला. धवन यांनी माणसाला पाठीशी घातले, दोषाला नाही.

उरलेले गैरसमज थोडक्यात. करुणा ठेवली तर दुसऱ्यांची दुःखे वाहून साहेबच थकेल, असे म्हणतात. जर्मनीतील तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेत्स्की यांच्या प्रयोगांत दुसऱ्याच्या वेदनेत स्वतःला बुडवून घेण्याच्या सरावाने मन खरेच खचले, पण त्याच माणसांना नंतर करुणेचा सराव दिल्यावर ते सावरले. मेंदूतील हालचालही दोन्ही वेळी वेगळ्या भागांत दिसली.

कामाबद्दलचा अभिप्राय कसाही दिला तरी फायदाच होतो, हेही खरे नाही : 1996 मध्ये क्लूगर आणि डेनिसी यांनी 607 निष्कर्ष एकत्र तपासले, त्यांत एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर काम घसरले होते. अभिप्राय माणसाच्या स्वभावावर घसरला की असे होण्याची शक्यता वाढते, म्हणून तो कामापुरता ठेवावा.

‘माझ्या केबिनचे दार सदैव उघडे असते’ या वाक्याने कोणी आत येत नाही; आधी आलेल्याचे काय झाले हे बाहेरचे पाहत असतात.

शेवटचा गैरसमज सर्वांत सोयीचा आहे : ‘माझा स्वभाव मला पक्का ठाऊक आहे.’ संघटना-मानसशास्त्रज्ञ ताशा युरिक यांच्या पाहणीत बहुतेक सर्वांनी स्वतःला आत्मभान असल्याचे मानले, पण त्यांच्या निकषांवर प्रत्यक्षात 10 ते 15 टक्के माणसेच उतरली. 3,600 हून अधिक वरिष्ठांच्या एका अभ्यासाचा दाखला देऊन त्या सांगतात, की पद जितके वरचे, तितका माणूस स्वतःचे गुण अधिक वाढवून मोजतो. कारण उघड आहे. वर जाताना खरे सांगणारे कमी होत जातात. खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाने निदान एका हाताखालच्या माणसाला विचारावे, की ‘माझ्या कोणत्या वागण्याने तुमचे काम अडते?’ मिळालेले उत्तर शांतपणे लिहून घ्यावे, आणि त्या माणसाच्या यंदाच्या अप्रेझलवर त्याची सावलीसुद्धा पडू देऊ नये.