न ओळखलेले दुखणे आणि न्यायाची वाट

अराद म्हटले की आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे नेगेवमधील शहर उभे राहते. परंतु बहरीनमध्ये मुहर्रक बेटावर, विमानतळानजीक, याच नावाचे एक गाव आहे व तेथे एक जुना किल्लाही आहे. बहरीनमध्ये लाखो भारतीय राहतात आणि त्यांत मुंबई-कोकणाकडील मराठी भाषिकही आहेत. परमुलखात दुखणे आले व ते ओळखण्यात चूक झाली, तर दाद कोठे मागावी? हा प्रश्न अरादमधील मराठी कुटुंबाचा आहे, तसाच तो येथे येऊन स्थायिक झालेल्या आपणां सर्वांचाही आहे.

उदाहरणादाखल एकच दुखणे घेऊ. मेंदूतील रक्तवाहिनीची भिंत एखाद्या ठिकाणी दुबळी होऊन तेथे फुगा येतो. डॉक्टर त्यास ॲन्युरिझम म्हणतात. शंभरांत सुमारे ३ प्रौढांना असा फुगा असतो आणि बहुतेकांचा तो जन्मभर फुटत नाही. फुटला तर मात्र पूर्वी कधी झाली नव्हती अशी भयंकर डोकेदुखी एकाएकी सुरू होते. मान ताठरते, वांती होते, उजेड सोसत नाही, कित्येकदा शुद्धही हरपते. अशा वेळी उन्हाचा त्रास, अर्धशिशी किंवा पित्त समजून गोळी देऊन रोग्यास घरी पाठविले, तर अनर्थ ओढवतो. कारण पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वांत अधिक असतो. पहिल्या ६ तासांत काढलेल्या सी. टी. स्कॅनमध्ये हे रक्त बहुधा दिसतेच. उशीर झाला असल्यास स्कॅन निर्दोष आला तरी पाठीच्या कण्यातील पाणी तपासणे अथवा रक्तवाहिन्यांचे चित्र काढणे आवश्यक ठरू शकते.

निदान चुकले म्हणजे डॉक्टर दोषी ठरला, असे कायदा मानीत नाही. सर्वसाधारण कुशल डॉक्टराने जी दक्षता घेतली असती ती येथे घेतली गेली काय, एवढेच न्यायालय पाहते. या बाबतीतील भारतातील एक मूलभूत निवाडा आपल्या कोकणाशीच निगडित आहे. १९५३ च्या मे महिन्यात पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यास नेण्यात आले आणि तेथील उपचारांनंतर त्याच दिवशी तो मरण पावला. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दावा लावला. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा अंतिम निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली वडिलांच्या बाजूने दिला. रोगी स्वीकारावा की नाही हे ठरविताना, उपचार कोणता करावा हे ठरविताना व तो प्रत्यक्ष करताना, अशा तिन्ही वेळी डॉक्टराने काळजी घेतली पाहिजे, असे त्यात स्पष्ट झाले. पंधरा वर्षे लढलेल्या त्या पित्याचे ऋण पुढील प्रत्येक रोग्यावर आहे.

उपचार ज्या देशात झाले, सामान्यतः तेथेच दाद मागावी लागते. बहरीनमध्ये २००९ च्या ३८ व्या कायद्याने आरोग्य व्यवसायांचे राष्ट्रीय नियामक प्राधिकरण स्थापन झाले असून वैद्यकीय चुकीची तक्रार तेथे करता येते. भरपाई हा न्यायालयाचा विषय आहे व न्यायालयाची भाषा अरबी असल्याने कागदपत्रांचे भाषांतर करून घ्यावे लागते. अडचणीत सापडलेल्या भारतीय नागरिकांसाठी मनामा येथील भारतीय दूतावासात समाजकल्याण निधी आहे. योग्य प्रकरणी त्यातून प्राथमिक कायदेशीर साहाय्य मिळू शकते.

भारतात १९९५ च्या निवाड्यापासून मोबदला घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात. तेथे तक्रारीची मुदत २ वर्षांची आहे आणि रोग्याने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे देण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे. आपल्या इस्राएलमध्ये १९९६ च्या रोगी हक्क कायद्याने वैद्यकीय नोंदींची प्रत मागण्याचा अधिकार प्रत्येकास दिला आहे. दाव्याची सर्वसाधारण मुदत ७ वर्षांची असून त्यास तज्ज्ञ डॉक्टराचे लेखी मत जोडावे लागते.

तिन्ही देशांतील रीती निराळ्या असल्या तरी पुरावा एकाच ठिकाणी असतो: रुग्णालयाच्या कागदांत. म्हणून केसपेपर, स्कॅनची चित्रे, औषधांच्या चिठ्ठ्या व पावत्या मागून घ्याव्यात. दुखणे कोणत्या घटकेला सुरू झाले, डॉक्टरांना काय सांगितले व त्यांनी काय उत्तर दिले, हे घरच्या मंडळींनी त्याच दिवशी तारीखवार लिहून ठेवावे. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे आणि मुदतीची चौकशी वकिलाकडे विनाविलंब करावी.

आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना डॉक्टरास प्रश्न विचारणे हा उद्धटपणा वाटतो. भाषा परकी असली म्हणजे संकोच आणखी वाढतो. आमची विनंती एवढीच की, मायबापांना इस्पितळात एकटे पाठवू नये. भाषा जाणणारा मुलगा, सून किंवा नातू सोबत असावा. “अशी डोकेदुखी पूर्वी कधीच झाली नव्हती” हे एक वाक्य डॉक्टरांच्या कानी स्पष्टपणे पडले, तर कदाचित न्यायालयाची पायरी चढण्याची वेळच येणार नाही.