लाल डिझेल आणि पलीकडचा किनारा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मरीनात इंधनाच्या धक्क्याला नौका लावली, की पंपावरचा माणूस आधी एक प्रश्न विचारतो : प्रमाण काय धरू? बहुतेक नौकामालकांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘साठ-चाळीस’. म्हणजे घेतलेल्या डिझेलपैकी ६० टक्के इंजिनाला आणि ४० टक्के नौका उबदार ठेवायला, पाणी तापवायला, बॅटरी भरायला. तसं लिहून दिलं की पावती फाटते. टाकीत उतरणारं डिझेल मात्र एकाच नळीतून येतं आणि सगळं लाल असतं. काचेच्या बरणीत धरलं तर थेट कोकम सरबतासारखं दिसतं.

या साठ-चाळीसमागे हिशोब आहे. मार्च २०२२ पासूनच्या ब्रिटिश दरांनुसार रस्त्यावरच्या गाड्यांच्या डिझेलवर लिटरमागे ५२.९५ पेन्स उत्पादन शुल्क लागतं, सवलतीच्या लाल डिझेलवर १०.१८ पेन्स. १०० लिटर घेतले, तर इंजिनाच्या ६० लिटरवर पूर्ण दराने ३१.७७ पौंड आणि उरलेल्या ४० लिटरवर ४.०७ पौंड, मिळून ३५.८४ पौंड. सगळंच पांढरं, म्हणजे बिनरंगाचं डिझेल घेतलं असतं, तर ५२.९५ पौंड गेले असते. ज्या नौकेवर हीटर वगैरे काही नाही, तिने १०० टक्के इंजिनासाठी असं लिहून पूर्ण शुल्क भरायचं असतं. तिच्या टाकीतलं डिझेलही लालच.

या लेखातली सगळी गुंतागुंत इथून निघते. डिझेल सवलतीच्या साठ्यातून आलं, एवढंच रंग सांगतो. घेणाऱ्याने पुढे पूर्ण शुल्क भरलं की नाही, हे रंगाला कळत नाही. ब्रिटिश किनाऱ्यावर त्याने बिघडत नाही, कारण तिथल्या अधिकाऱ्याला ही व्यवस्था माहीत असते. इंग्लिश खाडी ओलांडून बेल्जियमच्या ओस्टेंडला किंवा न्यूपोर्टला पोहोचलं, की समोरच्या अधिकाऱ्याला लाल रंग दिसतो, आणि त्याच्या देशात हौशी नौकेच्या टाकीत लाल डिझेल म्हणजे करचुकवेगिरी.

इंधनात रंग मिसळण्याची कल्पना आपल्याला नवीन नाही. रेशनचं रॉकेल निळं आणि खुल्या बाजारातलं पांढरं, हा फरक महाराष्ट्रातल्या घराघरांत ठाऊक होता. स्वस्त माल महाग मालात मिसळला जाऊ नये, मिसळलाच तर पकडता यावा, हाच तिथेही हेतू. त्या भेसळीचा धंदा किती निर्ढावलेला होता, हे २५ जानेवारी २०११ रोजी दिसलं. त्या दिवशी मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळलं. इंधनातला रंग ही कागदोपत्री बाब आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्याने हे नाव आठवावं.

ब्रिटनमध्ये लाल डिझेल शेतीसाठी आणि मासेमारीसाठी असतं. २०२२ पर्यंत ते बांधकामाच्या यंत्रांनाही चालत असे. डोळ्यांना दिसतो तो लाल रंग. त्याच्या जोडीला डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणा असतात. त्यांतली एक युरोपीय संघाने सगळ्या सदस्य देशांसाठी ठरवली होती, ‘सॉल्व्हेंट यलो १२४’. लिटरमागे किमान ६ मिलिग्रॅम इतकी ती घालायची. नमुना आम्लाबरोबर हलवला की ही पिवळी खूण लाल होते आणि अधिकाऱ्याला जागच्या जागी उत्तर मिळतं. आयर्लंडच्या सीमेलगत आर्माच्या दक्षिण भागात टोळ्या आम्ल वापरून, शोषक माती वापरून हे डिझेल ‘धुवत’ आणि उरलेला विषारी गाळ रस्त्याकडेला टाकून देत. म्हणून ब्रिटन आणि आयर्लंडने २०१५ मध्ये आणखी चिवट खूण आणली. युरोपीय संघाने स्वतःची खूण बदलली ती जानेवारी २०२४ पासून.

रंगही सगळीकडे लाल नाही. ब्रिटन आणि बेल्जियमचं सवलतीचं डिझेल लाल, आयर्लंडचं हिरवं, स्वीडन-नॉर्वेचंही हिरवं. नौकेच्या टाकीत दोन देशांचं डिझेल एकत्र झालं, की नुसत्या नजरेने काही कळत नाही.

आता हौशी नौका या गोष्टीत शिरल्या कशा? ब्रिटनने त्यांना बराच काळ सवलतीच्या दरातच डिझेल घेऊ दिलं होतं. युरोपीय संघाने दिलेली ती मुभा २००६ च्या अखेरीस संपली. १ नोव्हेंबर २००८ पासून इंजिनासाठीच्या भागावर पूर्ण शुल्क आलं, पण इंधन लालच ठेवलं. साठ-चाळीसची प्रथा तेव्हाची. कारण व्यावहारिक होतं. लहान बंदरांत एकच टाकी, एकच पंप, आणि त्याचं मुख्य गिऱ्हाईक मच्छीमार. हौशी नौकांसाठी दुसरी टाकी बसवायला तिथल्या विक्रेत्याला परवडणार नव्हतं. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडची बंदरं नजरेसमोर आणली, तर हे मला पटतं. वर्षातून मोजके महिने येणाऱ्या शिडाच्या नौकांसाठी वेगळी टाकी कोण बसवेल?

लक्झेंबर्गच्या न्यायालयाला ते पटलं नाही. १७ ऑक्टोबर २०१८ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की पूर्ण शुल्क घेऊनही हौशी नौकांना खुणेचं डिझेल वापरू देणं हा १९९५ च्या खुणांविषयीच्या निर्देशाचा भंग आहे. त्याच दिवशी आयर्लंडविरुद्धही तसाच निकाल लागला. आयर्लंडने १ जानेवारी २०२० पासून हौशी नौकांना हिरवं डिझेल बंद केलं. ब्रिटन तोवर संघातून बाहेर पडत होता. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये लाल डिझेल आणि प्रमाण लिहून देण्याची पद्धत आजही टिकून आहे. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र १ ऑक्टोबर २०२१ पासून हौशी नौकेच्या इंजिनाला लाल डिझेल चालत नाही. एकाच राज्याचे दोन किनारे, मध्ये थोडंसं पाणी, आणि नियम वेगळे.

२००८ नंतरच्या वर्षांत बेल्जियमच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ब्रिटिश नौकांच्या टाक्या तपासून दंड केले, तेव्हा ही बाब सगळ्यांच्या लक्षात आली. नौकामालकांच्या बाजूने एक भक्कम कलम आहे. तात्पुरत्या आयातीविषयीच्या १९९० च्या इस्तंबूल करारात म्हटलं आहे, की वाहनाच्या नेहमीच्या टाकीतलं इंधन त्या वाहनाबरोबर शुल्काविना आत येऊ शकतं. ब्रिटनमधली रॉयल यॉटिंग असोसिएशन हेच कलम पुढे करत आली. माझ्या मते हा युक्तिवाद रास्त आहे. ज्याने आपल्या देशात कायद्याने डिझेल घेतलं, पूर्ण शुल्क भरलं आणि ते जाळत शेजारच्या देशात आला, त्याला गुन्हेगार ठरवणं अन्यायाचं आहे. पण धक्क्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याशी कराराच्या कलमांवर वाद घालून नौका लवकर सुटत नाही. तिथे उपयोगी पडतात कागद.

म्हणून जाणती माणसं निघण्याआधी तयारी करतात. डिझेल घेतल्याची पावती, आणि तिच्यावर शुल्क भरल्याचा स्पष्ट उल्लेख. घेतलं त्या दिवशी इंजिनाच्या तासमापकावर किती तास होते, ते नौकेच्या दैनंदिनीत. परदेशात पांढरं डिझेल घेतलं की त्याचीही पावती आणि तेव्हाचे तास. इंजिन तासाला साधारण किती लिटर जाळतं, हे ठाऊक असलं की टाकीतलं लाल कुठलं आणि किती, हे या नोंदींवरून कुणालाही मोजून दाखवता येतं. निघताना टाकी ब्रिटनमध्ये भरून घ्यायची आणि ज्यादा कॅनमध्ये लाल डिझेल न्यायचं नाही. करारात संरक्षण आहे ते नेहमीच्या टाकीतल्या इंधनाला, डेकवर बांधलेल्या जेरीकॅनला नाही.

‘एकदा पांढरं भरलं की झालं’ असं अनेकांना वाटतं. ते तसं होत नाही. २०० लिटरच्या टाकीत २० लिटर लाल उरलं असताना १८० लिटर पांढरं ओतलं, तर खुणेचा दहावा भाग शिल्लक राहतो, लिटरमागे ६ मिलिग्रॅमच्या जागी ०.६. ते मिश्रण २० लिटरपर्यंत उतरवून पुन्हा पांढरं भरलं, तरी ०.०६ उरतं, आणि प्रयोगशाळेची उपकरणं फार बारीक अंश शोधतात. त्यात टाकीच्या तळाचं, आडव्या पडद्यांमागचं, नळ्यांतलं आणि फिल्टरमधलं डिझेल सहज बदलतही नाही. खूण काही फेऱ्या टाकीत राहणारच, हे धरून चालायचं आणि जुन्या पावत्या टाकून द्यायच्या नाहीत.

कर बाजूला ठेवला तरी पांढऱ्या डिझेलचा एक प्रश्न उरतो, आणि समुद्रावर तो दंडापेक्षा मोठा ठरू शकतो. युरोपात रस्त्यावरच्या डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत वनस्पती तेलापासून किंवा चरबीपासून केलेलं जैवडिझेल असू शकतं. ते ओलावा धरून ठेवतं. गाडीची टाकी आठवड्या-दोन आठवड्यांत रिकामी होते, नौकेची हिवाळाभर तशीच असते. हवेतला दमटपणा टाकीच्या भिंतींवर थेंब होऊन तळाशी जमतो. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात, तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात. नौकामालक तिला ‘डिझेल बग’ म्हणतात. ती काळपट, चिकट साय असते. नौका धक्क्याला शांत उभी असताना ती तळाशी पडून राहते. मोठ्या लाटांत टाकी घुसळली गेली की साय वर येते, फिल्टर तुंबतो आणि इंजिन बंद पडतं, तेही नेमकं बंदराच्या अरुंद तोंडाशी, जिथे इंजिनाची खरी गरज असते.

म्हणून परक्या बंदरात भावाआधी विचारायची गोष्ट म्हणजे डिझेलमध्ये जैवडिझेल आहे का. बंदरातल्या पंपावर ते नसलेलं इंधन मिळत असेल, तर चार पैसे जास्त द्यावेत. गावातल्या पेट्रोल पंपावरून कॅन भरून आणायची वेळ आली, तर ते डिझेल आधी जाळून टाकावं, हिवाळ्यासाठी ठेवू नये. हंगाम संपताना टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे पाणी धरायला आत हवाच उरत नाही. फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत पाणी दिसलं की लगेच काढावं.

आपल्या किनाऱ्यावर सवलत वेगळ्या वाटेने येते. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांच्या मच्छीमारांना डिझेलवरच्या राज्य कराची रक्कम सहकारी संस्थांमार्फत परत मिळते. नाखवा पंपावर पूर्ण भाव देतो आणि नंतर परताव्याची वाट पाहतो. डिझेलला रंग नाही, त्यामुळे रंगावरून कुणी अडवत नाही. पण परतावा रखडला की नौकेला पुढच्या फेरीसाठी पैसे उभे करावे लागतात, आणि ही तक्रार ससून डॉकपासून मिरकरवाड्यापर्यंत ऐकू येते. रंगाच्या पद्धतीत सवलत पंपावरच हातात पडते आणि संशय पुढच्या बंदरात भेटतो. मच्छीमारासाठी मला रंगाचीच पद्धत बरी वाटते, कारण त्याचं पोट रोजच्या फेरीवर चालतं. हौशी नौकांसाठी, विशेषतः परदेशी जाणाऱ्यांसाठी, जिथे दुसरा पंप शक्य आहे तिथे पांढरं डिझेल आणि हीटरच्या इंधनावर नंतर परतावा, ही व्यवस्था जास्त सोयीची ठरेल. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सोलेंटसारख्या गजबजलेल्या भागात हे करता येण्याजोगं आहे. एकाच पंपावर चालणाऱ्या बंदरांना मात्र सक्ती करू नये. तिथला पंप बंद पडला, तर नुकसान हौशी नौकांआधी मच्छीमारांचं होईल.