काही होत नसलं, तरी तपासणी हवीच

“आमच्या वेळी कुठे होत्या तपासण्या? तरी झालीच की बाळंतपणं!” झाली, हे खरं. पण ज्या बाळंतपणात दगावल्या, त्या हे सांगायला मागे राहिल्या नाहीत.

गैरसमज : तीन महिने कुणाला सांगू नये, दवाखान्यातही जाऊ नये.
वस्तुस्थिती : शेजारीपाजारी सांगू नका हवं तर, पण आशाताईंना सांगा. नोंदणी 12 आठवड्यांच्या आत व्हायला हवी. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून घडतो, ती गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. म्हणून फोलिक अ‍ॅसिड दिवस राहण्याआधीपासूनच घेणं उत्तम.

गैरसमज : त्रास नाही, मग डॉक्टर कशाला?
वस्तुस्थिती : वाढलेला रक्तदाब किंवा साखर सुरुवातीला बहुधा जाणवतच नाही. रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त आणि लघवीत प्रथिनं, हे दुर्लक्षित राहिलं तर पुढे झटके येऊन आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून किमान चार तपासण्या हव्यात. प्रत्येक वेळी वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवी पाहिली जाते.

गैरसमज : लोहाच्या लाल गोळ्यांनी बाळ काळं होतं.
वस्तुस्थिती : काळं होतं ते शौच, बाळ नव्हे. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की रक्तक्षय समजतात. 7 च्या खाली तो तीव्र असतो आणि प्रसूतीतला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. चौथ्या महिन्यापासून 180 दिवस रोज एक गोळी घ्यावी. ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, कारण लोह नीट शोषलं जात नाही. लिंबूपाणी चालेल.

गैरसमज : ग्रहणात भाजी चिरली, तर बाळाचा ओठ फाटतो.
वस्तुस्थिती : ओठ पहिल्या दोन महिन्यांतच जुळतात; ग्रहणाचा त्याच्याशी संबंध नाही. मात्र गरोदर बाईला तासन्‌तास अन्नपाण्याविना बसवणं तिला बाधतं.

अंगावरून रक्त जाणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी काहीही झालं तर तारखेची वाट न पाहता 108 ला फोन करा. एरवी चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते. सासूबाई, त्या दिवशी सुनेला एकटी पाठवू नका. तुम्हीही सोबत जा.