घरातली वीज (भाग ६) : सही कुणाची, हात कुणाचा?

मीटरपर्यंतची वायर महावितरणची आणि मीटरच्या पुढची आपली, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर तुटली, मीटरमधून धूर आला, तर १९१२ वर फोन करायचा आणि लाइनमनला येऊ द्यायचं. मेन स्विचपासून मागच्या पडवीतल्या बल्बपर्यंत जे काही आहे, त्याची जबाबदारी मात्र घरमालकाची. या हद्दीत काम करायला कुणाला बोलवायचं, हा आजचा विषय.

वाटूर हे परतूर तालुक्यातलं गाव. जालना-मंठा रस्त्यावरून परतूरला वळतात तो फाटा याच गावाचा. अशा फाट्याच्या गावात विजेचं काम करणारा माणूस शोधावा लागत नाही. जो मोटार भरतो तोच स्टार्टर दुरुस्त करतो, तोच लग्नाच्या मांडवाला माळा लावतो आणि नव्या घराची फिटिंगही त्याच्याकडेच जाते. हात चांगला असतो. रात्री अकराला फोन केला तरी मोटारसायकल काढून येतो. पैसे सोयाबीन विकल्यावर दिले तरी कुरकुर करत नाही. परवानाधारकच बोलवा, असं सांगताना हे सगळं लक्षात घ्यायला हवं, नाहीतर तो सल्ला पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांपुरता राहतो.

"दादा, तुमच्याकडं परमिट आहे का?" असं एखाद्या काकूंनी विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं. "काकू, पंधरा वर्षं झाली हेच करतोय, एक तक्रार नाही." तो खोटं बोलत नसतो. पण तक्रार येत नाही याचं कारण असं की, दिवा लागला की आपण काम तपासणं थांबवतो. दिवा लागला म्हणजे फेज आणि न्यूट्रल होल्डरपर्यंत पोचले, एवढंच कळतं. अर्थिंग नसलं तरी दिवा लागतो. वायर गरजेपेक्षा बारीक असली तरी लागतो. भिंतीतल्या पाइपात वायरचं आवरण सोललं गेलं असलं तरी लागतो. घरातल्या विजेचा धोका ज्या तीन-चार गोष्टींत असतो, त्यांतली एकही बटण दाबून दिसत नाही. परवाना देताना माणसाला नेमकं याच न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल विचारलेलं असतं.

कायदा याबाबत जुना आणि स्पष्ट आहे. भारतीय विद्युत नियम, १९५६ मधल्या नियम ४५ ने घरातलं विजेचं काम परवानाधारक ठेकेदाराकडून, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या माणसाच्या हातूनच व्हावं, असं बंधन घातलं. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली आणि पुन्हा २०२३ साली सुरक्षेचे नवे विनियम आणले, त्यांतही हे बंधन आहे. मात्र या बंधनाला एक समंजस सूट आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण बदलायचं असेल आणि त्याने फिटिंगची क्षमता वा स्वरूप बदलत नसेल, तर परवान्याची अट नाही. तेव्हा ट्यूब बदलायला, पंख्याचं रेग्युलेटर बसवायला गावातला दादा बेलाशक बोलवावा. नवा पॉइंट काढायचा, मेन बोर्ड बदलायचा, गिझर किंवा एसीची वेगळी लाइन ओढायची, स्लॅबवर खोली चढवून वरची फिटिंग करायची, की मग सूट संपली.

नियमात तीन माणसं आहेत, म्हणून परवानेही तीन आहेत. वायरमनचं परमिट, म्हणजे सरकारी भाषेत तारतंत्रीचा परवाना, हा हाताने काम करणाऱ्याचा. पर्यवेक्षकाचं सक्षमता प्रमाणपत्र देखरेख करणाऱ्याचं. ठेकेदाराची अनुज्ञप्ती काम अंगावर घेणाऱ्याची. आपल्या राज्यात हे कागद शासनाच्या ऊर्जा विभागाखालचं अनुज्ञापक मंडळ देतं. जुनी माणसं अजून त्याला 'पीडब्ल्यूडीचं लायसन' म्हणतात. तिन्ही परवान्यांना मुदत असते आणि नूतनीकरण करावं लागतं. म्हणून कार्ड पाहायला मिळालं तर नाव आणि फोटोइतकीच मुदतीची तारीखही पाहावी. आयटीआयचं प्रमाणपत्र हे परमिट नव्हे. वीजतंत्री किंवा तारतंत्री हा दोन वर्षांचा ट्रेड पास झालेला मुलगा परमिटसाठी अर्ज करू शकतो. बरेच जण तो करतच नाहीत, कारण त्यांना परमिट कुणी कधी विचारलेलंच नसतं.

खरी अडचण इथे आहे. नव्या कनेक्शनसाठी महावितरणकडे अर्ज केला, की त्याला परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. आतली फिटिंग तपासली, ती सुरक्षित आहे, असं तो कागद सांगतो. कनेक्शन मिळतं म्हणजे गावोगावच्या घरांच्या फायलीत असा कागद असतोच. पण भिंतीत वायर ओढणारा एक आणि कागदावर सही करणारा दुसरा, असं सर्रास घडतं. सही करणाऱ्याने ते घर पाहिलेलंही नसतं. घरमालकाला ती सही म्हणजे डिमांड नोट भरण्यासारखाच एक सोपस्कार वाटतो. मला हे फार गंभीर वाटतं. तपासणीची ती एकच संधी असते आणि आपण तिचे पैसे भरूनही ती सोडून देतो.

ती तपासणी का हवी, हे उन्हाळ्यातल्या कूलरवरून नीट कळतं. आपल्या भागात कूलर बहुतेक पत्र्याचा, वेल्डिंगच्या दुकानात बनवून घेतलेला. आत पंख्याची मोटार, तळाच्या पाण्यात छोटा पंप, बाजूंना वाळ्याच्या जाळ्या. पंपाची वायर पत्र्याच्या कडेवरून आत जाते. पंखा थरथरतो, वायर कडेवर घासत राहते आणि एका मोसमात आवरण फाटून तांबं पत्र्याला टेकतं. आता सगळा पत्रा फेजवर आला. कूलर मात्र चालूच आहे, हवाही गार येते आहे. घरातलं कुणीतरी बादली घेऊन पाणी भरायला जातं. फरशी ओली, पाय अनवाणी, हात पत्र्याला.

ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जातो. माणूस दगावायला याहून कितीतरी कमी पुरतो. आणि बोर्डातला एमसीबी? तो १६ अँपिअरचा असतो, म्हणजे १६,००० मिलिअँपिअरचा. त्याच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी वेगळं उपकरण लागतं, ते आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह ते सतत ताडून पाहतं. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत लाइन तोडतं. ते बसवायला मेन बोर्डात बदल करावा लागतो, म्हणजे हे काम परवानाधारकाचं. घरात एकच सुधारणा करण्याइतके पैसे असतील, तर माझ्या मते ते आधी इथे घालावेत. रंगकाम पुढच्या वर्षी होईल.

"आमच्याकडं अर्थिंग हाय की," असं घरमालक म्हणतो, आणि अंगणाच्या कोपऱ्यात खरंच पाइप पुरलेला असतो. तो काम करतो का, हे जमिनीवर अवलंबून आहे. परतूर, मंठा भागातली काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते. पण हीच माती एप्रिल-मे महिन्यांत वाळून भेगाळते आणि पाइपापासून सुटते. खाली मुरूम लागला तर तो कोरडा आणि वीज नेण्यात हट्टी. गणित साधं आहे. खड्ड्याचा रोध ५ ओहम असेल, तर पत्रा फेजवर आल्याबरोबर ४० अँपिअरच्या वर प्रवाह जमिनीत जातो आणि १६ अँपिअरचा एमसीबी पडतो. तोच रोध ५० ओहम झाला, तर प्रवाह साडेचार अँपिअर. एमसीबी पडत नाही आणि पत्रा तसाच जिवंत राहतो. म्हणजे ज्या महिन्यांत कूलर चालतो, त्याच महिन्यांत आपलं अर्थिंग सर्वांत दुबळं असतं. खड्ड्यात मीठ-कोळसा भरणं, वर फनेल ठेवून उन्हाळाभर पाणी घालणं, ही रीत त्यासाठीच आहे. जोडीला आरसीसीबी हवा तोही त्यासाठीच, कारण त्याला पडायला ३० मिलिअँपिअर पुरतात आणि तेवढा प्रवाह वाळलेल्या खड्ड्यातूनही जातो. नळाच्या लोखंडी पाइपाला अर्थची वायर गुंडाळायची जुनी युक्ती आता पूर्ण निकामी झाली, कारण जमिनीखालचे पाइप प्लॅस्टिकचे आले.

याहून घातक एक प्रकार आहे. अर्थची वायर ओढलेलीच नसते, म्हणून बोर्डातल्या थ्री-पिन सॉकेटमध्ये वरचं मोठं भोक न्यूट्रलला जोडून टाकतात. पाच इंच वायरचं काम. टेस्टर लावला तर काही दिसत नाही, फ्रिजला हात लावला तर मुंग्याही येत नाहीत, घरमालक खूश. मग एखाद्या वादळात घराकडे येणारा न्यूट्रल तुटतो किंवा मेन स्विचमध्ये सैल होतो. चालू दिव्या-पंख्यांमधून आलेला फेज त्या अडकलेल्या न्यूट्रलवर चढतो आणि तिथून, या पाच इंचांतून, फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या, कूलरच्या पत्र्यावर. उपकरणात काहीही बिघाड नसताना घरातली प्रत्येक धातूची वस्तू एकाच वेळी जिवंत होते. हा लूप सॉकेटची प्लेट उघडल्याशिवाय दिसत नाही. तुमचं घर जुनं असेल, तर परवानाधारकाला पहिलं काम हेच सांगा: सगळ्या थ्री-पिनच्या प्लेटा उघडून पाहा.

वाटूरच्या माणसाने हे जमवायचं कसं? परतूर किंवा जालन्याहून ठेकेदार आणायचा तर त्याच्या येण्या-जाण्याचा खर्च चढतो, आणि गावातल्या दादाला डावलणं जिवावर येतं. मला सुचतं ते असं. भिंत खोदणं, पाइप आणि बोर्डाच्या पेट्या बसवणं ही कामं गावातल्या माणसालाच द्यावीत. वायर ओढण्यापासून पुढचं काम परमिटवाल्याने करावं आणि ज्या ठेकेदाराची टेस्ट रिपोर्टवर सही होणार, त्याने गिलाव्याआधी एकदा आणि लाइन चालू करण्याआधी एकदा घरी यायचं, हे बोलणी करतानाच ठरवून घ्यावं. दर पॉइंटवर ठरतो, तसे या दोन फेऱ्यांचे पैसे वेगळे बोलावेत. फुकट फेरी मागितली, की ती फेरी होत नाही.

दुसऱ्या फेरीत त्याच्या पिशवीत टेस्टरशिवाय आणखी काही आहे का, ते बघावं. मेगर हवा. त्याने ५०० व्होल्टचा दाब देऊन वायरच्या आवरणाचा रोध मोजतात आणि तो किमान १ मेगाओहम असावा, असं विनियम सांगतात. अर्थ टेस्टर हवा. हे दोन आकडे आणि आरसीसीबी टेस्ट बटणाने पडतो की नाही, हे त्याने बिलाच्या मागे लिहून खाली सही केली तरी पुरे. अर्थचा आकडा पावसाळ्यात घेतला असेल तर तो बरा दिसणारच, म्हणून मे महिन्यात एकदा पुन्हा मोजून घ्यावा.

सामानाबद्दल थोडक्यात. आयएसआय चिन्ह असलेली तांब्याची वायर, दिव्या-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या प्लगला २.५, एसी-गिझरला ४. रंग पाळायला लावा: अर्थला हिरवा, न्यूट्रलला काळा. पुढच्या माणसाचा जीव त्या रंगावर असतो. आणि नवीन एसी किंवा पिठाची घरगुती गिरणी आणणार असाल, तर बिलावरचा मंजूर भार पाहून आधी तो वाढवून घ्या. वायर बारीक आणि एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवणं, हे आग लावण्याचं काम आहे. तसा सल्ला कुणी दिला, तर त्याचे पैसे चुकते करून त्याला निरोप द्या.

अपघात झालाच, तर विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६१ खाली त्याची चौकशी होते आणि ती विद्युत निरीक्षक करतात. दोष मीटरच्या अलीकडे की पलीकडे, काम कुणी केलं, रिपोर्टवर सही कुणाची, हे सगळं तेव्हा विचारलं जातं. देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं जातात.

एक मागणी ग्रामपंचायतींकडेही आहे. गावातल्या आणि शेजारच्या चार गावांतल्या परमिटधारक वायरमनची नावं, मुदतीच्या तारखांसह, कार्यालयाच्या फलकावर लावावीत. नाव फलकावर येतं म्हटल्यावर आयटीआय झालेली मुलं अर्ज करतील. पंधरा वर्षं काम केलेल्या दादालाही परीक्षा देऊन परमिट घ्यावंसं वाटेल, आणि त्याने ते घेतलं तर गावाला त्याच्याइतका योग्य माणूस दुसरा मिळणार नाही. अर्ज कुठे करायचा, कोणती कागदपत्रं जोडायची, हे त्याला आपल्यातल्याच एखाद्या शिकल्या मुलाने किंवा मुलीने बसून समजावून द्यावं.

पुढच्या आठवड्यात इन्व्हर्टर : लाइट गेल्यावरही घरात जिवंत राहणाऱ्या वायरी कोणत्या आणि त्या ओळखायच्या कशा.