जुन्या भावाची पोस्ट पुन्हा पडू नये म्हणून: दुकानाचे फोटो-व्हिडिओ नीट कसे ठेवायचे



माझं साड्यांचं दुकान आहे, हे चॅनल बघणाऱ्यांना माहीतच आहे. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तुळशीचं लग्न झालं होतं, लग्नसराई नुकतीच सुरू झाली होती. शनिवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या एक कुटुंब बस्त्याला आलं. बसायच्या आधीच नवरीच्या मावशींनी मोबाईल पुढे केला. "ताई, ही सेमी पैठणी दाखवा, १,४९९ वाली. मानपानाला अकरा पाहिजेत."

पोस्ट आमचीच होती, आमच्याच पेजवरची, आदल्या रात्रीची. भाव मात्र मागच्या वर्षीचा! त्या दिवशी ती साडी १,८५० ला होती.

एका साडीमागे ३५१ रुपये, अकरा साड्यांचे ३,८६१. मी जुन्याच भावात दिल्या. दुकानाच्या नावाने टाकलेला भाव हा आपला शब्द असतो, आणि माणसं गाडीभाडं खर्चून आलेली.

संध्याकाळी मी दुकानातल्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, तुम्हीच सांगितलं पैठणीची पोस्ट टाक. ग्रुपवर शोधलं, हा फोटो मिळाला, टाकला." त्याचं काय चुकलं? आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नवे फोटो, जुने फोटो, व्यापाऱ्याने पाठवलेले, गिऱ्हाइकांचे, सगळं एकत्र होतं. कुठला वापरायचा आणि कुठला नाही, हे फक्त माझ्या डोक्यात होतं. चूक माझी होती.

गोडाऊनमध्ये आपण माल असा ठेवतो का? टॅग लावतो, जुना माल वेगळा करतो. फोटोंचंही तसंच करायचं. त्यानंतर आम्ही जे बदललं, ते सांगते.

१. सगळे फोटो दुकानाच्या खात्यात

दुकानाच्या नावाने एक गूगल खातं काढा. त्यात १५ जीबी जागा फुकट मिळते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिन्हीत मिळून असते. व्हिडिओ जास्त असतील तर लवकर भरते, म्हणून कच्चे व्हिडिओ हार्ड डिस्कवर काढत चला.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. तुमच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये कामावरच्या मुलीने तिच्या खात्यातून फोटो टाकला, तर त्या फाइलची मालक तीच राहते. उद्या तिने काम सोडलं आणि तो फोटो डिलीट केला, तर तुमच्याकडूनही गेला. म्हणून फोटो चढवायचे ते दुकानाच्या फोनवरून, दुकानाच्या खात्यातूनच.

२. फोल्डर तीनच: कच्चे, तयार, बंद

काढलेला प्रत्येक फोटो आधी 'कच्चे'मध्ये जातो. मी बघितलेला, भाव तपासलेला फोटो 'तयार'मध्ये. माल संपला, भाव बदलला किंवा ऑफर संपली की तो 'बंद'मध्ये. नियम एकच: पोस्ट फक्त 'तयार'मधूनच टाकायची. आणि 'तयार'मध्ये फोटो टाकणारा माणूस एकच. आमच्याकडे ती मी.

फाइलला नावही द्या. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं' असली नावं नकोत. '२०२५-११-सेमीपैठणी-हिरवी' असं लिहिलं की महिना, माल आणि रंग तिन्ही कळतं, शोधायलाही सोपं.

३. भाव फोटोवर नको, मजकुरात लिहा

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर पोस्ट पडल्यानंतरही मजकूर बदलता येतो. इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो मात्र बदलून दुसरा लावता येत नाही, पोस्टच काढावी लागते. मग त्यावरचे लाइक, कमेंट सगळंच जातं. सणाच्या ऑफरला बॅनरवर भाव हवाच असेल, तर 'अमुक तारखेपर्यंत' हे त्याच बॅनरवर ठळक लिहा. लोक स्क्रीनशॉट एकमेकांना पाठवतात. तारीख असली की वाद होत नाही.

४. आधी लावून ठेवलेल्या पोस्ट तपासा

मेटा बिझनेस सूटमध्ये आपण आठवड्याच्या पोस्ट आधीच लावून ठेवतो. सोय चांगली आहे आणि फुकट आहे. पण तिथे चढवलेला फोटो ही वेगळी प्रत असते. ड्राइव्हमध्ये तुम्ही तो 'बंद'मध्ये टाकला तरी लावलेली पोस्ट ठरल्या वेळी पडणारच. म्हणून भाव बदलला की प्लॅनर उघडून पुढच्या पोस्ट बघायच्या. आमच्याकडे भाव बदलायच्या वहीतच आता 'प्लॅनर बघितला' असा रकाना आहे.

५. फोटो कोणाचा, हे विचारा

गूगलवर सापडलेला फोटो फुकटचा नसतो, त्यावर कोणाचा तरी कॉपीराइट असतो. व्यापाऱ्याने पाठवलेला फोटो वापरायचा तर त्याला विचारून घ्या. आणि गिऱ्हाइकाचा फोटो? नवरीने हौसेने पाठवला म्हणजे पेजवर टाकायची परवानगी दिली असं होत नाही. आम्ही मेसेज करून विचारतो आणि 'हो' आलेल्या उत्तराचा स्क्रीनशॉट त्या फोटोशेजारीच ठेवतो.

६. पासवर्ड वाटू नका

ड्राइव्हवर पोस्ट टाकणाऱ्यांना फक्त बघण्याची परवानगी द्या. त्यांना फोटो उतरवून घेता येतो, पण हलवता किंवा पुसता येत नाही. फेसबुक पेजलाही माणसागणिक वेगळा अ‍ॅक्सेस देता येतो. कोणी काम सोडलं की हिशोब करतो, त्याच दिवशी अ‍ॅक्सेसही काढा.

जाता जाता एक छोटी गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो दबतो आणि काठाची जर पुसट दिसते. फोटोग्राफरकडून फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर थेट ड्राइव्हवर घ्या.

सगळं एका दिवसात होणार नाही. आज रात्री दुकान बंद केल्यावर एवढंच करा: तीन फोल्डर बनवा आणि सध्या दुकानात असलेल्या मालाचे वीस फोटो 'तयार'मध्ये टाका. उद्यापासून पोस्ट तिथूनच. जुने फोटो रविवारी निवांत लावा.

तुमच्या दुकानात पोस्ट कोण टाकतं आणि फोटो कुठे असतात, कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!